जेवणघराचं छत

गेली कित्येक वर्षं मी लोकांची न्हाणीघरं आखते. गिस्बर्नच्या आमच्या दुकानात माणसं काय काय मागण्या घेऊन येतात! एका बाईला कमोडवर बसल्या बसल्या समुद्र दिसायला हवा होता. एका गृहस्थाला कुत्र्यासाठी वेगळा शॉवर हवा होता, तोही गरम पाण्याचा. मी सगळ्यांशी गोड बोलते, त्याचाच मला पगार मिळतो. पण तीन पावलांत संपणाऱ्या एका खोलीनं माझं जेवढं डोकं फिरवलं, तेवढं आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं फिरवलेलं नाही. आणि ती खोली माझ्या बापाच्या घरातली होती, आखलेलीही मीच होती.

खोली बांधायची होती ते पाएआ आत्यासाठी. आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. गावच्या मराएवर, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघराच्या आवारात जे जेवणघर आहे, तिथली ती कारभारीण होती. कोणाचं मयत असो की लग्न, तीनशे-चारशे माणसाचं रांधून वाढायचं म्हणजे आत्या. तिथे तिचा शब्द शेवटचा. एकदा मोठे धर्मगुरू आले होते आणि गप्पांच्या नादात जेवणाच्या टेबलावर टेकले. आत्यानं ओल्या फडक्यानं त्यांच्या मांडीवर फटका दिला आणि सांगितलं, "ढुंगण खुर्चीवर, ताट टेबलावर." ते बिचारे उठले आणि त्यांनी सगळ्यांदेखत माफी मागितली.

मग तिचा मुलगा हेमी ब्रिस्बेनला गेला, त्याला मुलं झाली, ती सांभाळायला आत्याला त्यानं नेलं. मुलं मोठी झाली, कामाधंद्याला लागली, आणि आत्या तिथेच राहून गेली. मागच्या हिवाळ्यात ती तिथल्या बाथटबमध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हेमी दिवसभर कामावर, त्यामुळे त्यानं तिच्यासाठी एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली. त्याला मी दोष देत नाही. पण आत्यानं मला फोन केला आणि म्हणाली, "मला घरी यायचंय, पोरी." जन्मात तिनं कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

घर म्हणजे आमचं घर, जिथे ती जन्मली. आता तिथे माझा धाकटा भाऊ रावीरी आणि त्याची बायको कर्स्टी राहतात. हेमीनं अट घातली: नाताळाला, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, मी आईला घेऊन येतो, सुट्टीभर सोबत राहतो. तिचं तिथे नीट जमतंय असं दिसलं तर राहू दे, नाहीतर माझ्याबरोबर परत. आश्रमातली जागा नव्या वर्षापर्यंत धरून ठेवली होती. अडचण एकच होती. घरातलं एकुलतं एक न्हाणीघर लांबलचक बोळाच्या टोकाला, आणि आत गुडघ्याच्या वर येणारा तो जुना लोखंडी टब. आत्यानं त्यात पाय टाकला असता तर हेमीला दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढावं लागलं असतं. तेव्हा मागच्या व्हरांड्याचा कोपरा बंद करायचा आणि तिच्या खोलीला लागून छोटं न्हाणीघर काढायचं असं ठरलं.

पहिला राग मला आला तो नावाचा. कर्स्टी त्याला 'पाहुण्यांचं बाथरूम' म्हणायला लागली. तिच्या क्राइस्टचर्चच्या मैत्रिणी दर वर्षी येतात, त्यांच्यासाठी तिला एक हवंच होतं. आत्याच्या निमित्तानं ते होतंय याचा तिला आनंद. रावीरीही तेच म्हणायला लागला. फोनवर आत्यालाही तेच सांगितलं जायचं, की पाहुण्यांच्या बाथरूमच्या भिंती उभ्या राहिल्या, पाहुण्यांच्या बाथरूमला फरशी बसली. मी एक-दोनदा टोकलं. रावीरी म्हणाला, नावात काय आहे. मग मीही सोडून दिलं, कारण भांडायला याहून मोठे विषय रोज निघत होते.

कर्स्टीनं कुठल्याशा मासिकातून कापलेली चित्रं मला पाठवली. फरशीऐवजी नदीतले गोटे, सोनेरी नळ आणि आरपार काचेचं दार. खुबा मोडलेली म्हातारी गोट्यांवरून चालणार! मी तिला सांगितलं, तुझ्या मैत्रिणींना खुशाल चालव, आत्याला खरखरीत सपाट फरशी लागेल, उंबरा नको, दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडणार नाही. कमोड जरा उंच, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. शॉवरखाली बसायला घडीची फळी. कर्स्टीचं तोंड उतरलं, पण तिनं सगळं मान्य केलं. ती मनानं वाईट नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

छत मात्र माझ्या हौसेचं होतं. आत्या फोनवर म्हणाली होती, की ब्रिस्बेनमध्ये सगळी छतं पांढरी. आंघोळीला बसलं की आपल्याला फ्रीजमध्ये ठेवलंय असं वाटतं. तेव्हाच मी ठरवलं, की हिच्या डोक्यावर लाकूड घालायचं. एवढ्याशा खोलीत लाकडी छत म्हणजे वाफेशी रोजची मारामारी, पण ते मला जमतं. सीडरच्या नव्या फळ्या, एकीची खाच दुसरीत बसवलेली, खोलीच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे खोली मोठी वाटते. भिंतीपाशी बोटभर फट, फळ्यांना फुगायला जागा हवी म्हणून. वॉर्निश नाही, नुसतं तेल. शॉवरच्या बरोबर वर पंखा. फळ्यांची ऑर्डर द्यायचं काम रावीरीनं अंगावर घेतलं आणि मी निर्धास्तपणे दुकानात परत गेले. इथेच माझं चुकलं. रावीरीनं आयुष्यात अंगावर घेतलेलं एकही काम मी स्वतः पाहिल्याशिवाय झालेलं नाही.

नाताळाच्या आठवडाभर आधी मी गावी पोचले. हेमी आणि आत्या दुसऱ्या दिवशी येणार होते. कर्स्टी दारातच उभी होती, हात मागे, चेहरा फुललेला. मला थेट मागे घेऊन गेली. आमचा चुलतभाऊ नोपेरा, उत्तरेकडच्या खाडीवरचा सुतार, शिडीवर चढून शेवटचे स्क्रू पिळत होता. मी वर बघितलं.

सीडर नव्हताच. जुना रिमू होता, आमच्या रानातलं लाकूड, लालसर, घट्ट. रंधा मारून, तेल देऊन चकचकीत केलेला. दिसायला इतका सुंदर की क्षणभर मी बघतच राहिले. मग मला भोकं दिसली. ठरावीक अंतरावर एका ओळीत, जिथे पूर्वी दिव्यांचे आकडे होते. आणि कोपऱ्यातल्या फळीवर तो डाग. आत्याच्या मोठ्या पातेल्यांच्या वाफेनं आणि धुरानं वर्षानुवर्षं काळी पडलेली ती फळी रंध्यानं अर्धीच उजळली होती. लहानपणी त्या डागाखाली बसून आम्ही पोरी बटाटे सोलायचो. मान दुखली की वर बघायचो.

मी विचारलं, "या फळ्या कुठल्या?"

"शेडमधल्या," कर्स्टी म्हणाली. "जुन्या जेवणघराच्या. वादळात छप्पर उडालं तेव्हा तुमच्या बाबांनी उतरवून रचून ठेवल्या होत्या ना? आत्यानं सगळं आयुष्य यांच्याखाली काढलं. मला वाटलं, ती वर बघेल आणि तिला आपलं माणूस भेटल्यासारखं होईल."

मी खाली बघितलं. काळ्या फळीच्या बरोबर खाली पांढराशुभ्र नवा कमोड होता.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की अन्नाचं आणि अंगाचं एकत्र आणायचं नाही. भांड्यांचा फडका कपड्यांबरोबर धुवायचा नाही, टेबलावर बसायचं नाही, डोक्याची उशी ढुंगणाखाली घ्यायची नाही. कर्स्टीनं हे सगळं लग्नानंतर पाठ केलं होतं, आमच्या काही पोरांपेक्षा ती जास्त पाळते. फडके, उशा, टेबलं तिला माहीत. पण छप्परसुद्धा यात येतं असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिला सुचायचं काही कारणही नव्हतं. ज्या फळ्यांखाली गावानं सत्तर वर्षं जेवणं केली, मयताच्या घरच्या रडून दमलेल्या माणसांना पहिला घास भरवला, त्या तिनं संडासावर ठोकल्या होत्या. प्रेमानं ठोकल्या होत्या, म्हणून मला धड ओरडताही येईना.

नोपेरानं आमचं बोलणं ऐकलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेडमधल्या फळ्या लाव म्हटलं, त्यानं लावल्या. तो शिडीवरून उतरला, हत्यारं पेटीत ठेवली, बाहेरच्या नळावर गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. मग मला म्हणाला, की उतरवायला बोलवा, येतो. पण आधी कोणीतरी मोठं माणूस प्रार्थना म्हणायला हवं, मी एकटा आता हात लावणार नाही. आणि गाडी काढून निघून गेला.

ओरडायला मला रावीरी सापडला. तो गोठ्याकडून येत होता. मी विचारलं, तुला ठाऊक होतं का? तो जमिनीकडे बघत म्हणाला, हो.

"मग गप्प का बसलास?"

"ती इतकी खूश होती, मेरेताई. आणि रंधा मारलाय ना त्यांना. आता ते नुसतं लाकूड आहे."

नुसतं लाकूड! बाबांच्या हाताखाली वाढलेला पोरगा हे बोलतो. मी त्याला जे काही बोलायचं ते बोलले; ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवं लाकूड मागवायचा कंटाळा, बायकोला नाही म्हणायचा कंटाळा, आणि वर शहाणपण की ते नुसतं लाकूड आहे. कर्स्टी स्वयंपाकघरात रडत होती. तिला वाटत होतं, आत्या आली की आपण होऊन सांगावं आणि माफी मागावी. रावीरीनं नको म्हटलं.

खरी पंचाईत पुढे होती. छत उतरवायचं तर दिवा आणि पंखा त्यातच बसवलेले, तारा उघड्या पडणार. नाताळाच्या आठवड्यात आमच्या किनाऱ्यावर इलेक्ट्रिशियन मिळत नाही. ते सगळे बोटी घेऊन मासे पकडायला जातात आणि फोन बंद ठेवतात. म्हणजे हेमी येणार तेव्हा त्याला दिसणार काय, तर फाटकं छत आणि लोंबणाऱ्या तारा. तो आईला तिथे ठेवणार नाही, हे उघड होतं. रावीरी म्हणाला, आत्याची नजर अधू झालीये, वर कशाला बघेल, नव्या वर्षात हळूच बदलून टाकू. मला हे पटलं नाही. तरीही मी मूग गिळून गप्प बसले, कारण आत्या परत जाईल ही भीती मला त्या फळ्यांपेक्षा मोठी वाटली. आणि गप्प बसावं लागलं म्हणून मी आणखीच धुमसत राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. आधी मराएवर गेली, सभाघरातल्या पूर्वजांच्या फोटोंपुढे उभी राहून रडली, तिथल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. मग रस्ता ओलांडून घरी. किती लहान झाली होती! काठी टेकत ती एकेक खोली बघत गेली, आणि कर्स्टीनं शेवटी तिला नव्या न्हाणीघराच्या दाराशी नेलं. आत्या दारातच उभी राहिली. फरशी बघितली, दांडे बघितले. मग तिनं मान वर केली.

काठीवरची तिची बोटं हलली. मी मनाशी म्हटलं, आता फुटणार, आणि मला चक्क बरं वाटलं.

"छान आहे," आत्या म्हणाली. "खूप मेहनत घेतलीत. थँक्यू, बाळा."

तिनं कर्स्टीचा गाल थोपटला आणि ती बाहेर जाऊन बसली. रावीरीनं माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. मूर्ख. आत्यानं आयुष्यात कधी कशाला 'छान आहे' म्हटलं नव्हतं. चारशे माणसं बोटं चाटत उठली तरी ती म्हणायची, मीठ कमी पडलं.

पुढचे दिवस मी बघत होते. आत्या फ्रीज उघडायच्या आधी विचारायची. स्वतःचा कप धुऊन, पुसून ठेवायची. टॉवेल खुंटीला न लावता घडी करून बॅगेत ठेवायची. जेवताना म्हणायची, मला काहीही चालेल. आणि चहा तर तिनं जवळजवळ सोडलाच, कारण चहा प्यायलं की जावं लागतं. जुन्या न्हाणीघरातला कमोड टबाच्या आड, तिथे तिला काठी घेऊन शिरता येत नव्हतं. जायची वेळ आली की ती काठी घ्यायची, पायऱ्या उतरायची, रस्ता ओलांडायची आणि मराएच्या आवारातल्या सार्वजनिक संडासात जायची. आंघोळही तिथेच. ऊन असो, पाऊस असो. विचारलं तर म्हणायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

नवं न्हाणीघर तसंच कोरं पडून होतं. ते आत्याचं म्हणून आम्हीही कोणी आत जात नव्हतो. एकदा हेमी तिकडे निघाला, तर आत्यानं त्याला हाक मारून दुसरंच काम सांगितलं. माझ्या ते लक्षात आलं, पण अर्थ कळला नाही.

हेमी सगळं बघत होता. एका दुपारी आत्या पावसातून भिजून आली, पायऱ्यांवर तिचा पाय सटकला, रावीरीनं वेळेवर धरलं. संध्याकाळी हेमीनं मला आणि रावीरीला व्हरांड्यात गाठलं. शांतपणे म्हणाला, की तुम्ही खूप केलंत, पण ती इथे रुळत नाहीये. एवढं बांधून दिलंत तरी ती वापरत नाही. माझ्याबरोबर तिचंही तिकीट काढतो. आत्या आतून ऐकत होती. ती दाराशी आली आणि म्हणाली, "काढ बाबा. या मुलांना किती त्रास द्यायचा?"

या मुलांना! मला तर ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

त्या रात्री मी तिच्या खोलीत गेले नाही. सकाळी ती समोर मराएच्या बाकावर बसली होती तिथे जाऊन बसले. सरळ विचारलं, की तुला पहिल्या क्षणी ओळखू आलं ना. ती म्हणाली, मी आंधळी झालेय का?

"मग बोलत का नाहीस? धर्मगुरूंना फटका मारलास, आणि रावीरीला एक शब्द नाही?"

"तेव्हा ते माझं स्वयंपाकघर होतं," आत्या म्हणाली. "आता मी पाहुणी आहे. कित्येक महिने फोनवर तेच ऐकतेय, पाहुण्यांचं बाथरूम, पाहुण्यांचं बाथरूम. पाहुण्यानं यजमानाच्या छताला नावं ठेवायची नसतात. मी तुम्हाला हेच शिकवलं."

तिनं माझा हात थोपटला, तसाच, कर्स्टीचा गाल थोपटला होता तसा. परक्यासारखा. मी तिथून तडक उठले. रावीरीवर राग, त्या नावावर राग, आणि खरं सांगायचं तर आत्यावरही. आपल्याच घरात ही बाई इतकी शहाण्यासारखी वागते म्हणजे काय!

दुपारी नाताळाच्या जेवणाची तयारी चालली होती. शिंपल्यांनी भरलेलं पोतं कर्स्टीनं स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये ओतलं होतं, हेमी आणि रावीरी ते घासत होते. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कोणी काम दिलं नव्हतं आणि तिनं मागितलं नव्हतं. शेजारणीनं पुहाच्या भाजीच्या चिखलानं माखलेल्या जुड्या आणून दिल्या. मी त्या टोपलीत घेतल्या. धुवायला बाहेर नळ होता, नेहमी तिथेच धुतो. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. किंवा त्या आठवड्यात पहिल्यांदाच ठिकाणावर होतं. मी टोपली कमरेवर घेतली आणि आत्याच्या समोरून मागच्या बोळाकडे निघाले.

"कुठे चाललीस?" आत्यानं विचारलं.

"पाहुण्यांच्या बाथरूमात. भाजी धुवायला. इथलं बेसिन भरलंय."

स्वयंपाकघरातलं घासणं थांबलं. कर्स्टीच्या हातातून सुरी खाली पडली. मी थांबले नाही. मागे न बघता मोठ्यानं म्हणाले, "काय हरकत आहे? वर जेवणघराचंच छत आहे. खाली शिंपलेही आणून घासू."

दाराच्या कडीला माझा हात पोचला असेल-नसेल, तेवढ्यात काठी खाडकन चौकटीवर आडवी पडली. खुबा मोडलेली ही बाई एवढा बोळ कसा धावली, मला अजून कळलेलं नाही.

"एक पाऊल आत टाकून बघ," आत्या म्हणाली. "तंगडी मोडीन." तिचा आवाज चढत गेला. "ती भाजी बाहेर ने. बाहेर! लाज नाही वाटत? माझ्या आईच्या घरात, माझ्या घरात, अन्न घेऊन संडासात शिरतेस? तुला मी हेच शिकवलं? आणि तू रे, रावीरी, इकडे ये. तोंड काय लपवतोस? सत्तर वर्षं गाव जेवलं ज्याच्याखाली ते तू हागायच्या जागेवर ठोकतोस? बाबा गेला म्हणून तुला अक्कल शिकवणारं कोणी उरलं नाही वाटतं. मी मेले नाहीये अजून."

रावीरी हातात शिंपला घेऊन उभा होता. लहानपणी उभा राहायचा तसाच, मान खाली, कान लाल. कर्स्टी पुढे आली. रडत रडत म्हणाली की कल्पना तिची होती, सगळी चूक तिची आहे, तिला माहीत नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "तुला शिकवायचं काम या गाढवाचं होतं. ते रडणं बंद कर, नाक पूस, आणि त्या सुताराला फोन लाव. आजच्या आज हे खाली उतरलं पाहिजे."

हेमी मधे पडला. म्हणाला, "आई, इलेक्ट्रिशियन नाहीये, दिवा जाईल, पंखा जाईल. आणि आपल्याला शनिवारी निघायचंय, तुझं तिकीट—"

"कसलं तिकीट? मी निघाले तर हे उतरवून घेणार कोण? तुझा बाप येणार आहे वरून?"

हेमी हसायला लागला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

नोपेरा तासाभरात आला. आत्या दारात उभी राहिली, तिनं प्रार्थना म्हटली, आम्ही सगळे खाली माना घालून ऐकत होतो. दिव्याच्या तारा नोपेरानं मेन बंद करून सोडवल्या आणि टोकं गुंडाळून ठेवली. मग एकेक फळी खाली आली. आम्ही त्या बाहेर हिरवळीवर मांडल्या. काळा डाग असलेली फळी आत्यानं स्वतः हातात धरली.

कर्स्टीनं भीत भीत विचारलं, की आता यांचं काय करायचं. जमिनीत पुरून टाकाव्या लागतील का? एकदा संडासावर लागल्या म्हणजे आता वाया गेल्या ना?

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं की मलाच तिची दया आली.

"वाया कशा जातील?" ती म्हणाली. "त्या खोलीत एकानं तरी पाण्याचा थेंब सांडलाय का? मी कोणाला जाऊ दिलं नाही. भर पावसात, या मोडक्या पायावर, तो रस्ता मी कशासाठी ओलांडत होते? चालायची हौस म्हणून? स्वयंपाकघरात जेवायच्या टेबलाच्या वर, छताला लावा त्या. आणि रंधा कोणी मारला, त्याला माझ्यासमोर उभा करा."

नोपेरा हळूच शिडीमागे सरकला.

इतके दिवस मी तिला पाहुणी झालेली समजत होते, तिच्या गोड बोलण्यावर जळत होते, आणि ती मात्र दिवसातून चार वेळा काठी टेकत आपलं जेवणघर राखत होती. कर्स्टीनं तिच्या गळ्यात हात टाकले. आत्यानं टाकू दिले, मग म्हणाली, पुरे, शिंपले तापायला लागलेत.

संध्याकाळी जेवणाआधी आत्यानं टॉवेल बॅगेतून काढला, खांद्यावर टाकला आणि सरळ नव्या न्हाणीघरात गेली. वर उघडे वासे आणि पत्रा. आमच्याकडे उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिव्यावाचून अडलं नाही. हेमी व्हरांड्यात बसून फोनवर विमान कंपनीशी बोलत होता, एक तिकीट रद्द करायचं म्हणून. आतून शॉवरचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. हेमीनं बोलणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी दाराशी जाऊन विचारलं, "आत्या, ठीक आहेस ना?"

"ठीक कसली?" आतून आवाज आला. "ही टॉवेलची खुंटी इतक्या उंचावर कोणत्या मूर्खानं ठोकली?"

ती मीच आखली होती. मी हेमीला हातानं खूण केली की चालू दे, कर रद्द.